लडकू अँड सन

टेम्पोतून पाटी उतरली ती प्लास्टिकात गुंडाळलेली, आणि ते प्लास्टिक फाडायचा मान समीक्षाने आपल्या आज्याला दिला. लडकूने खुर्चीत बसल्या बसल्या अंगठ्याच्या नखाने चिकटपट्टी उचकटली, दोन्ही हातांनी प्लास्टिक टराटरा ओढलं, आणि आतून निळ्या पत्र्यावर दोन पांढरे पंजे आणि पांढरी अक्षरं बाहेर आली. म्हाताऱ्याला ऐंशी ओलांडल्यापासून लांबचं स्वच्छ दिसे आणि जवळचं दिसत नसे. "काय लिवलंय, वाच गो," तो म्हणाला. समीक्षाने मोठ्याने वाचलं, "लडकू अँड ग्रँडडॉटर. बांधकाम. स्थापना एकोणीसशे चौऱ्याहत्तर. म्हणजे तुम्ही आणि तुमची नात, आजा." "आयला," लडकू बोळक्या तोंडाने हसला, "म्या आन् तू." आसनगावच्या साइटवरची सगळी माणसं टाळ्या वाजवू लागली. भरतनेही वाजवल्या. तो लडकूचा मुलगा आणि समीक्षाचा बाप, त्याने टाळ्या वाजवायला हव्याच होत्या. "पप्पा, कशी वाटते?" पोरीने विचारलं. "झकास," भरत म्हणाला. "एकदम झकास." आणि मग हातांचं काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्याने ते खिशात घातले.

जुनी पाटी खाली यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पोश्याने पान्याने बोल्ट काढले आणि ती केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवली. लडकू अँड सन. इतक्या वर्षांचं ऊन खाऊन लाल रंगाचा विटकरी झाला होता आणि खालचा कोपरा गंजून त्याची जाळी झाली होती. ही पाटी भरतने रंगवून घेतलेली, मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे बसणाऱ्या पेंटरकडून. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, मिशीला नुकताच आकार आला होता, आणि बापाच्या नावापुढे इंग्रजीतला एक शब्द लागला की आपण गावठी गवंड्याचे कंपनीवाले होऊ अशी त्याची खात्री होती. तसं झालंही, ते सोडा. पेंटरने ब्रश कानामागे खोवून विचारलं होतं, "सनचं नाव टाकू का?" आणि भरत छाती काढून म्हणाला होता, "नको. सन पुरे. कोन सन त्ये सगल्यांना म्हाईत हाय." आता त्याला वाटलं, टाकायला हवं होतं. नाव असतं तर ते काढताना निदान कुणाचा तरी हात क्षणभर अडखळला असता. सन काय, कुणीही असतो. काढला काय आणि ठेवला काय. "शेट, पत्रा मजबूत हाय," पोश्या पाटीवर बोटांनी वाजवत म्हणाला, "वरती माल कालवाया होयल." पोश्या वाडीवरचा, लडकूच्या हाताखाली गवंडी झालेला, आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा गिलावा आज त्याच्याकडे होता. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्याला सिमेंट-रेती कालवायला पत्रा हवा होता आणि समोर पत्रा होता. "ने," भरत म्हणाला. पोश्या पाटी डोक्यावर आडवी घेऊन जिना चढू लागला, आणि वळणावर ती भिंतीला घासल्याचा आवाज भरतने खालपर्यंत ऐकला.

त्याला हेवा वाटत होता. हे त्याने कुणापाशी बोलून दाखवलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. माणसाने शेजाऱ्याचा हेवा करावा, भावाचा करावा, धंद्यातल्या माणसाचा तर करावाच, त्याशिवाय धंदा होत नाही. पण बापाचा? आणि पोटच्या पोरीचा? आणि तोही एकाच वेळी, तव्यावरची भाकरी दोन्ही अंगांनी भाजावी तसा? त्याने स्वतःला पुष्कळदा समजावलं होतं. पोरगी हुशार आहे, तिचं कौतुक म्हणजे आपलंच कौतुक. बाप मोठा आहे, त्याचा मान म्हणजे आपलाच मान. हिशेब बिनचूक होता, फक्त पोटातली आग त्याला मानत नव्हती. छायाने सगळ्यांना पेढे वाटले आणि शेवटचा नवऱ्याच्या हातावर ठेवला. "जरा त्वांड बघा तुमचं," ती हळूच म्हणाली. "पोरगी बघते." "माझ्या तोंडाला काय झालंय?" "आता ते मलाच इचारता?" ती म्हणाली आणि रिकामा खोका घेऊन निघून गेली. लग्नाला तीस वर्षं झाली की बायकोला काही सांगावं लागत नाही, आणि तिच्यापासून काही लपवताही येत नाही. ही सोय भरतला आज अजिबात आवडली नाही.

फ्लॅट बघायला येणाऱ्या लोकांना समीक्षा कंपनीची गोष्ट सांगायची. गोष्ट छान सांगायची ती, डोळे मोठे करून, मध्येच आज्याकडे हात दाखवून. माझ्या आज्याने मुरबाडकडच्या वैशाखरे गावात एक विहीर बांधून सुरुवात केली. स्वतः दगड घडवले, चुना स्वतः मळला, माझी आजी वेणू डोक्यावरून घमेली वाहायची. आणि आज, असं म्हणून ती थांबायची आणि खिडकीबाहेरच्या चार मजल्यांकडे बघायची, आज आम्ही इथे आहोत. विहिरीपासून आसनगावपर्यंत ती एका उडीत यायची. मधली सगळी वर्षं त्या उडीखालून जायची, आणि त्या वर्षांत भरत होता. सार्वजनिक बांधकामाच्या कचेरीबाहेरच्या बाकावर तो होता, दुपार दुपार, साहेब जेवून येईपर्यंत. ठेकेदार म्हणून नोंदणी त्याने करून आणली. लडकूचा कॉलमवर विश्वास नव्हता, चार काड्यांवर घर उभं राहतं व्हय रे, असं म्हणून तो हसायचा. त्याची समजूत घालायला भरत दोन वर्षं रोज रात्री जेवताना भांडला. पहिला मिक्सर त्याने आणला. मुरबाड सोडून शहापूरच्या बाजूला, रेल्वेच्या कडेने सरकायचं हे त्यानेच ठरवलं, जेव्हा आसनगाव-आटगावला लोक फक्त गाडी बदलायला उतरत आणि नातेवाईक म्हणत, भरतला खूळ लागलंय, त्या माळावर कोण राहायला येणार. आले की नाही राहायला? पास काढून रोज कल्याण-मुंबईला जाणारी हजारो माणसं आली, इमारतींवर इमारती उठल्या. पण बाकावर बसून राहण्याची गोष्ट सांगता येत नाही. ऐकणाराही म्हणतो, बरं, मग पुढे? विहीर मात्र सांगता येते. विहिरीत वाकून बघता येतं.

आणि पंजे होते. तिथेच सगळं गाडं येऊन अडायचं. लडकूची एक रीत होती, वैशाखऱ्याच्या विहिरीपासूनची. काम पुरं झालं की शेवटच्या ओल्या गिलाव्यावर तो आपला उजवा हात दाबून ठेवायचा. विहिरीला कठड्याच्या आतल्या अंगाला, शाळेच्या खोलीला मागच्या भिंतीवर, आणि इमारती आल्यावर गच्चीवरच्या टाकीला, खालून कुणाला दिसणार नाही असा. त्यात देवाचं काही नव्हतं, मालकाला दाखवायचंही नव्हतं. काम झालं, एवढंच. आणि त्याचा एक नेम होता, की त्या भिंतीवर ज्याने थापी चालवली त्यानेच पंजा द्यावा. विहिरीच्या वेळी भरत सहा वर्षांचा होता. आई डाव्या बाजूला उभी होती, ऊन होतं, बापाने कठड्यावर वाकून हात टेकवला आणि उचलला, आणि दगडांच्या मध्ये पाच बोटं उमटली, तळव्यावरच्या रेघांसकट. बाप भिंतीत गेला आणि परत बाहेर आला असं त्या पोराला वाटलं होतं. त्या दिवशी त्याने बापाचा हात सोडला नाही. घरी येईपर्यंत तो त्या हाताला लोंबकळत आला, आणि तो हात खरबरीत होता आणि त्याला चुन्याचा वास येत होता. पुढे धंदा वाढला तसा मुरबाडपासून शहापूरपर्यंत बापाचा हात जागोजाग भिंतींवर उमटत गेला. भरतला तो कुठे कुठे आहे ते पाठ होतं. गाडीतून जाताना एखादी इमारत दिसली की त्याची नजर आपोआप वर टाकीकडे जायची.

आटगावची पहिली तीन मजली इमारत सर्वस्वी भरतची होती. जागा त्याने हेरली, मालकाला त्याने पटवलं, नकाशा त्याने पास करून आणला, गिऱ्हाईकं त्याने गोळा केली. टाकीच्या गिलाव्याच्या दिवशी तो न सांगता वर गेला होता. बत्तिसावं वर्ष उलटलं होतं तेव्हा त्याचं, पण त्या दिवशी जिना तो पोरासारखा दोन-दोन पायऱ्या टाकत चढला. गच्चीवर गेल्यावर त्याने शर्टाची बाही दुमडली, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि बापाच्या मागे जाऊन उभा राहिला. लडकू गिलाव्यावरून लाकडी रंधा फिरवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही. "जरा सरक रे," तो म्हणाला, "सावली परते तुजी." भरत सरकला. थोडा वेळ उभा राहिला, मग खाली कुणीतरी हाक मारल्यासारखं करून निघून गेला. घड्याळ त्याने जिन्यात परत बांधलं. बापाला कळलं होतं का? बाही दुमडलेली त्याने पाहिली होती का? एवढ्या वर्षांत या प्रश्नाचं उत्तर भरतला मिळालं नव्हतं आणि विचारायची छाती झाली नव्हती. कधी वाटे, म्हातारा कामात होता, सावली खरंच पडत होती. कधी वाटे, सावली परते तुजी, हे बाप त्याला जन्मभर म्हणत आला होता, त्या दिवशी फक्त तोंडाने म्हणाला.

मग मुरबाडला पुन्हा मिळालेल्या एका इमारतीला, मे महिन्याच्या सुट्टीत, अकरा वर्षांच्या समीक्षाने आज्याबरोबर थापी धरली. भरत खाली गेटवर सिमेंटच्या गाडीवाल्याशी हुज्जत घालत होता. तो घामाघूम होऊन वर आला तेव्हा काम झालेलं होतं. टाकीवर दोन पंजे होते, एक मोठा, एक एवढासा, आणि दोघं जण कोपरापर्यंत मळलेली, खोखो हसत होती. "पप्पा, फोटो काढा ना!" भरतने फोटो काढला, उन्हाकडे पाठ करून, नीट, दोन्ही पंजे आणि दोन्ही तोंडं येतील असा. तोच फोटो आता नव्या पाटीवर होता. नुसते पंजे घेतले होते, एक मोठा, एक लहान, कंपनीचं चिन्ह म्हणून. फोटो काढणारा फोटोत नसतो, ही साधी गोष्ट. पण खुर्चीत बसलेल्या बापाच्या मांडीवर ती पाटी पाहिली तेव्हा भरतला पहिल्यांदा जाणवलं की त्या चित्रातलं ऊन आपल्या पाठीवर पडलेलं होतं. त्यानंतरच्या प्रत्येक टाकीवर दोघांचे पंजे होते; गिलावा पोश्याकडे गेला तरी नेमापुरती थापी दोघं आधी फिरवून घ्यायची. लहान हात वर्षावर्षाने मोठा होत गेला, मोठा हात तेवढाच राहिला.

म्हातारा नातीचे फाजील लाड करायचा असंही नव्हतं, तेवढाच काय तो भरतला दिलासा. कॉलेजला असताना तिने एकदा एक आख्खी भिंत गिलावली, मैत्रिणींना बोलावून दाखवली, आणि लडकूने ओळंबा लावला. केसभर फरक होता. त्याने हातोडा घेतला आणि ओल्या भिंतीवरचा सगळा गिलावा वरपासून खालपर्यंत पाडला. मैत्रिणींसमोर. समीक्षा रडत रडत दुसरा माल कालवू लागली. भरत तेव्हा खिडकीतून बघत होता आणि, खरं सांगायचं तर, त्याला गोड वाटलं होतं. मग लगेच स्वतःचीच शिसारी आली होती. पण गोड वाटलं होतं. लडकूच्या हातून वाईट काम कुणालाच माफ झालं नाही, वेणूला नाही, पोश्याला नाही, नातीला नाही. भरतला त्याने कधी काही पाडून टाकून दाखवलं नव्हतं, कारण पाडण्यासारखं भरतने कधी काही हाताने केलंच नव्हतं.

दुपारी साइट जेवायला बसली. मिक्सर थांबला की तिथे एकदम गावासारखं शांत व्हायचं, दुरून हायवेवरचे ट्रक ऐकू यायचे. समीक्षा आज्याला केबिनमध्ये जेवायला वाढत होती, चारच्या सुमाराला दोघं वर जाणार होती पंजे द्यायला. भरत डबा न उघडताच उठला. तो जिन्याने वर चालला तेव्हा आपण का चाललो आहोत हे त्याने मनात शब्दांत आणलं नाही. तिसऱ्या मजल्यावर त्याला धाप लागली, तेव्हा त्याने स्वतःला सांगितलं, गिलावा बघून येऊ, मालकाने बघायलाच पाहिजे. गच्चीवर ऊन पांढरं झालं होतं आणि त्या पलीकडे माहुलीचे सुळके उभे होते, धुरकट, रोजच्यासारखे. टाकीची पश्चिमेकडची भिंत पोश्याने संपवली होती. काम सुंदर होतं, ओल्या गिलाव्यावर ऊन सरकत होतं. मधोमध, छातीच्या उंचीवर, दोन पंजांपुरती जागा त्याने आणखी घोटून ठेवली होती. बाजूला पाण्याने भरलेली बादली होती, भरतला वाटलं, थाप्या धुवायला असेल. आणि पायाशी जुनी पाटी पडली होती. तिच्यावर कालवलेला माल वाळत आला होता, ‘लडकू अँड’वर जाड थर होता. ‘सन’ तेवढं उघडं होतं, त्याच्यावर कुणाच्या तरी चपलेचा ठसा.

तिथे मग त्याला राहवलं नाही. त्याने घड्याळ काढलं, अंगठी काढली, दोन्ही खिशात घातलं आणि बाही दुमडली. त्याने आपला तळवा पाहिला. सत्तावन्न वर्षांच्या बांधकामवाल्याचा तळवा, आणि त्याला घट्टा म्हणाल तर मधल्या बोटावर पेनाचा. चार वाजता येतील आणि बघतील, त्याला वाटलं. बघतील आणि मग काय ते करतील. पुसायचा असेल तर माझ्यासमोर पुसतील. एकदा तरी त्यांना माझं काहीतरी पुसावं लागेल. त्याने हात भिंतीला लावला आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबला. गिलावा वरून कोमट होता आणि आत गार. बोटं आत गेली, गार माल बोटांच्या बेचक्यांतून वर आला, आणि भरतने डोळे मिटले. भिंत त्याला धरून राहिली होती. एवढं सुख त्याला बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. तो तसाच उभा राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ, कारण त्याला कुणी सरक म्हणत नव्हतं.

मग त्याने हात ओढला, आणि भिंत हाताबरोबर आली. तळव्याला चिकटून गिलाव्याचा अख्खा पोपडा सुटला आणि मागे वीट उघडी पडली. बोटं नाहीत, रेघा नाहीत, नुसतं फाटक्या कडांचं भगदाड, आणि त्याच्या हातावर भिंतीचा ओला लगदा. त्याने तो घाईघाईने परत भोकात भरला, तो खाली पडला. पुन्हा भरला, पुन्हा पडला, बुटांवर पडला. आणि तेव्हा, इतक्या उशिरा, त्याला वैशाखऱ्याच्या विहिरीवरची आई नीट दिसली. ती डाव्या बाजूला उगाच उभी नव्हती. तिच्या हातात तांब्या होता. बापाने हात पुढे केला होता, आईने त्यावर पाणी ओतलं होतं, तळव्यावर, बोटांवर, निथळेपर्यंत, आणि मग तो ओला हात कठड्यावर गेला होता. पोराने भिंतीकडे पाहिलं होतं. बापाचा हात त्याने पाहिलाच नव्हता. बादली थाप्या धुवायला नव्हती.

जिन्यात लडकूचा खोकला ऐकू आला. "ऊन लय हाय," तो म्हणत होता, "चार वाजोस्तर माल सुकल, आताच उरकूया." भरतने माखलेला हात खिशात घातला, घड्याळाच्या आणि अंगठीच्या सोबतीला. नातीच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा गच्चीवर आला, मागे पोश्या थापी घेऊन. समीक्षाला भगदाड आधी दिसलं. "हे काय? पोश्यादादा, हे काय आहे? सकाळी मी बघून गेले तेव्हा भिंत एकदम फिनिश होती." "मी जेवाया गेलतो ताई," पोश्या गोंधळून म्हणाला. "आईच्यान, घोटून गेलतो मी." "मग आपोआप पडलं?" भरतने बोलायला हवं होतं, एक शब्द पुरला असता, पण तो माहुलीच्या सुळक्यांकडे बघत राहिला आणि खिशातला हात कोरडा होत आखडत गेला. लडकू भिंतीजवळ गेला. जवळचं त्याला दिसत नव्हतं, म्हणून त्याने बोटांनी पाहिलं, भगदाडाची कड, उघडी वीट, खाली पडलेला चिखल. "त्याला नको बोलू गो," तो समीक्षाला म्हणाला. "हात सुका व्हता. पोश्या सुका हात लावल काय कदी?" मग तो वळला. पोरावर त्याची नजर सावकाश फिरली, दुमडलेली बाही, मनगटावरचा घड्याळाचा गोरा पट्टा, खिशावर पसरलेला ओला डाग. "दुपारचं जेवला नाय तू," तो म्हणाला.

"नाही," भरत म्हणाला. "पप्पा?" समीक्षा म्हणाली आणि त्याच्या खिशाकडे बघू लागली. तिला कळायला तेवढा वेळ पुरला, पोरगी हुशारच होती. ती सावरून घेणारं हसली. "असू दे, काही नाही, पोश्यादादा माल घ्या, मी भरून काढते दोन मिनिटांत." पोश्या पाटीकडे वाकला, पाटीवरचा माल थापीने खरवडू लागला. "ऱ्हाऊ दे," लडकू म्हणाला. "काय राहू दे?" "हाय तसंच ऱ्हाऊ दे त्ये." "आजा, वीट उघडी आहे. पाण्याची टाकी आहे ती. पाणी मुरेल तिथून." "मुरू दे," लडकू म्हणाला.

पोश्याची थापी पाटीवर तशीच थांबली. केसभर फरकासाठी अख्खी भिंत पाडणारा माणूस हे बोलला होता. भरतला ते कसं घ्यावं कळेना. ही माया होती की शिक्षा? तुझा हात हा असा, राहू दे जगाला दिसायला, असं त्याला म्हणायचं होतं? की आयुष्यात एकदाच, एकाच्याच वाईट कामावर त्याने हातोडा उचलला नव्हता? त्याने बापाच्या तोंडाकडे पाहिलं, तिथे नेहमीसारखंच काही लिहिलेलं नव्हतं. "चल गो, तुजा दे," लडकू नातीला म्हणाला. समीक्षाने बादलीत हात बुडवला, निथळवला, भगदाडाच्या बाजूला हलकेच टेकवला आणि उचलला. पंजा सुरेख उठला. प्रत्येक बोट, प्रत्येक रेघ. ती मागे सरली आणि सवयीप्रमाणे आज्याकडे बघू लागली, आता तो मान डोलावेल म्हणून. म्हातारा तिकडे बघत नव्हता. तो त्या फाटक्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होता, पुन्हा पुन्हा, वर जाऊन खाली, खाली जाऊन वर, आणि कुठे एखादा कण सुटत होता तो अंगठ्याने जागच्या जागी दाबत होता, तिथून आणखी काही पडू नये म्हणून. आपला पंजा द्यायचं तो विसरूनच गेला होता. समीक्षा ते बघत उभी राहिली. तिने हात पाण्यात घातला नाही. तिच्या ओठांवर हसू होतं, ते कुणीतरी तिथे नेऊन ठेवल्यासारखं होतं. "झकास," ती म्हणाली. "एकदम झकास झालाय, पप्पा."

तो आवाज भरतला ओळखायला वेळ लागला नाही. सकाळी पाटीसमोर तो त्याच्याच तोंडून निघाला होता. नव्या पाटीत पोरीने बापाचं काही घेतलं नव्हतं, पण हे तिला मिळालं होतं, आताच, त्याच्या डोळ्यांदेखत. आणि भरतला बरं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं बरं वाटलं, कुणापाशी कबूल करता येणार नाही इतकं, आणि म्हणून त्याला तिच्या तोंडाकडे बघवेना. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. बोटांवरचा माल उन्हाने पांढरा पडत चालला होता. त्याने खिशातून आपला हात काढला, बादली उचलली आणि तिच्यापुढे धरली.

"हात धू गो," तो म्हणाला. "सुकला का मग निघत नाय."